राजाज्ञेपलीकडचा कायदा

सन १५११ च्या डिसेंबरातील २१ तारखेस, नाताळापूर्वीच्या अखेरच्या रविवारी, कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनियोला बेटावर, सांतो दोमिंगो या स्पॅनिश वसाहतीच्या प्रार्थनामंदिरात आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचा डोमिनिकन संन्यासी प्रवचनासाठी उभा राहिला, तेव्हा त्याच्यापुढे बेटाचा गव्हर्नर व कोलंबसाचा पुत्र दिएगो, राजाचे अंमलदार आणि वसाहतीतील बहुतेक सारी मातबर मंडळी बसलेली होती. या मातबरांचे वैभव ज्या व्यवस्थेवर उभे होते ती आपल्याकडील जहागिरीची आठवण करून देणारी होती खरी, परंतु जहागीरदाराच्या वाट्याला मुलखाचा वसूल येई आणि येथे स्पॅनिश माणसाच्या वाट्याला प्रत्यक्ष माणसेच नेमून दिली जात. अमुक वस्तीतील मूळ रहिवासी तैनो रयत अमक्याच्या ताब्यात द्यावी, त्याने तिला ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यावी, तिचे रक्षण करावे आणि मोबदल्यात तिच्याकडून खाणीत व शेतात काम करून घ्यावे, असा त्या व्यवस्थेचा कागदोपत्री आशय होता. शिकवण कागदावरच राहिली, रक्षणाचे नावही उरले नाही आणि वेठ तेवढी शिल्लक राहिली; सोन्याच्या मागे लागलेल्या त्या वेठीत बेटावरील मूळ प्रजा भयंकर वेगाने नाहीशी होत चालली होती.

मोंतेसिनोसने त्या दिवशी श्रोत्यांना सरळ सांगितले की तुम्ही महापातकात जगत आहात, आणि त्याच महापातकात मराल. आपल्या शेतीभातीत स्वस्थपणे नांदणाऱ्या या लोकांवर युद्ध लादण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, त्यांना पोटभर अन्न न देता मरेपर्यंत राबवण्याचा न्याय तुम्ही कोठून आणला, ही माणसे नव्हेत काय, यांना विवेकशील आत्मा नाही काय, असे प्रश्न त्याने एकामागून एक विचारले. त्या प्रवचनाचा मसुदा त्याने एकट्याने लिहिला नव्हता. मठातील सर्व संन्याशांनी, पेद्रो दे कोर्दोबा या आपल्या प्रमुखासह, तो एकत्र बसून तयार केला होता व खाली आपापल्या सह्या केल्या होत्या. म्हणूनच संतापलेले अंमलदार त्याच दिवशी मठाच्या दारी जाऊन शब्द परत घेण्याविषयी दटावू लागले तेव्हा मठाने नमते घेतले नाही. पुढल्या रविवारी माफीची अपेक्षा करून जमलेल्या मंडळीस मोंतेसिनोसने तेच विचार अधिक प्रखर शब्दांत ऐकवले, आणि या मार्गावर राहणाऱ्यास आम्ही पापनिवेदनाच्या वेळी पापमुक्ती देणार नाही, असेही बजावले.

या संन्याशांच्या हाती राजाचे फर्मान नव्हते. उलट राजाची सनद प्रतिपक्षाच्या हाती होती. पोपच्या दानपत्राचा हवालाही प्रतिपक्षच देत होता, कारण सहाव्या अलेक्झांडर पोपने १४९३ साली नव्या मुलखावरील स्पेनच्या हक्कास मान्यता दिलेली होती. मग त्यांनी कोणत्या कायद्याच्या आधारे दाद मागितली? तैनो लोकांचा बाप्तिस्मा झाला आहे किंवा नाही हा मुद्दा त्यांनी काढला नाही. ते मनुष्य आहेत, विवेकशील आहेत, आणि तेवढ्यावरूनच त्यांच्याशी वागण्याच्या मर्यादा ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. कॅथलिक परंपरेत ज्याला नैसर्गिक नीतिनियम म्हणतात त्याचा सारा आशय या म्हणण्यात आलेला आहे, आणि म्हणून या प्रकरणाचा आरंभ मी एखाद्या व्याख्येने न करता त्या प्रवचनाने केला.

व्याख्येची गरज मात्र आहेच, आणि ती सर्वांत व्यवस्थितपणे मांडणारा ग्रंथकार म्हणजे तेराव्या शतकातील इटालियन डोमिनिकन पंडित संत थॉमस अक्वायनस. १२७४ साली मृत्यू पावलेल्या या पुरुषाने आपल्या अपुऱ्या राहिलेल्या महाग्रंथात कायद्याविषयी एक स्वतंत्र विभाग लिहिला आहे. कायदा म्हणजे बलवानाची इच्छा, हे मत त्याला मान्य नाही. ज्याच्यावर समाजाच्या योगक्षेमाची जबाबदारी आहे त्याने सर्वांच्या समाईक हितासाठी जाहीर केलेली विवेकाची व्यवस्था, ती कायदा. विश्वाचे नियमन करणारी परमेश्वराची शाश्वत प्रज्ञा हा त्याच्या मते मूळ कायदा होय. इतर सृष्टी तो नकळत पाळते. परंतु मनुष्य बुद्धिमान असल्यामुळे त्या प्रज्ञेत जाणतेपणाने सहभागी होतो, आणि या जाणत्या सहभागालाच थॉमस नैसर्गिक नियम म्हणतो. सत् ते आचरावे व असत् टाळावे, हे त्याचे पहिले वचन. त्यापुढची वचने तो मनुष्याच्या स्वाभाविक ओढींवरून उलगडतो: आपला जीव राखण्याची ओढ मनुष्यात सर्व वस्तूंप्रमाणे आहे, संतती निर्माण करून तिचे संगोपन करण्याची ओढ प्राण्यांप्रमाणे आहे, आणि परमेश्वराविषयीचे सत्य जाणण्याची व समाजात राहण्याची ओढ केवळ त्याची स्वतःची आहे. या शेवटच्या ओढीचा येथे विशेष विचार केला पाहिजे. समाज हा एकट्या माणसांनी गैरसोय टाळण्यासाठी केलेला करारनामा आहे, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांच्या आणि थॉमसच्या वाटा येथेच वेगळ्या होतात, कारण त्याच्या दृष्टीने इतरांबरोबर राहणे, बोलणे आणि एकत्रितपणे सत्याचा शोध घेणे हा मनुष्यत्वाचाच घटक आहे.

यावरून कोणी असा तर्क करील की, सर्व तपशील निसर्गानेच ठरवून दिला असेल तर कायदेमंडळांना काम ते काय उरले? थॉमसचे उत्तर फार समंजस आहे. खून करू नये, हे तत्त्व विवेकातून सरळ निष्पन्न होते. परंतु गुन्हेगारास कोणती शिक्षा द्यावी, हे ज्या त्या समाजाने ठरवावयाचे, जसा गवंड्याला घर बांधावयाचे आहे एवढे ठाऊक असले तरी त्या घराचा आकार त्याने जागा व गरज पाहून ठरवावयाचा असतो. याहूनही मला मोलाचे वाटते ते त्याचे दुसरे विधान: मनुष्यकृत कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला शिक्षा करू नये. बहुसंख्य माणसे सद्गुणात पूर्ण नसतात, आणि त्यांच्या माथी त्यांना न पेलणारे निर्बंध मारल्यास ती अधिकच बिघडतात. म्हणून ज्यांना मनाई केल्यावाचून समाज टिकूच शकणार नाही अशा चोरी, खून यांसारख्या गंभीर अपराधांपुरताच कायद्याने हात घालावा. आणि जो हुकूम समाईक हिताच्या विरुद्ध जातो, तो कायद्याचा विपर्यास असल्याने सदसद्विवेकाला बांधून ठेवू शकत नाही. हे शेवटचे मत ऑगस्टीनपासून चालत आलेले आहे. त्याच ऑगस्टीनने पाचव्या शतकात, रोम लुटले गेल्यानंतर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात, शांती म्हणजे सुव्यवस्थेतून येणारी स्वस्थता असे म्हटले, आणि न्याय वजा केला तर राज्य व लुटारूंची टोळी यांत फरक तो काय, असा प्रश्नही त्याच ग्रंथात विचारला. तेव्हा कॅथलिक शिकवणीतील सामाजिक सौहार्द म्हणजे तक्रारींचा अभाव, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. सांतो दोमिंगोच्या खाणीत तक्रार ऐकू येत नव्हती. तेथे सौहार्दही नव्हते.

मोंतेसिनोसच्या प्रवचनाची हकीकत आपल्याला ज्याच्या लेखणीतून मिळाली तो बार्तोलोमे दे लास कासास त्या काळी स्वतःच नेमून दिलेल्या माणसांचा धनी होता. प्रवचनांनंतरही दोन-अडीच वर्षे त्याचा व्यवहार तसाच चालला. १५१४ साली क्यूबात, बायबलमधील सिराखपुत्राच्या ग्रंथातील गरिबाच्या अन्नाविषयीच्या उताऱ्यावर चिंतन करीत असता, त्याचे मन फिरले. ताब्यातील माणसे त्याने सोडून दिली आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांच्या बाजूने लढण्यात घालवले. या लढ्यात त्याच्या हातून एक मोठी चूकही घडली. मूळ रहिवाशांवरील भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणावेत असे त्याने सुचविले होते. पुढे त्यांची गुलामगिरीही तितकीच अन्याय्य आहे हे उमगल्यावर त्याने या सूचनेबद्दलचा पश्चात्ताप स्वतःच्या इतिहासग्रंथात लिहून ठेवला. विवेकावर कोरलेला म्हणून सांगितला जाणारा नियमसुद्धा वाचावयास शिकावे लागते, आणि भल्या माणसालाही तो एका बैठकीत सगळा वाचता येत नाही.

दरम्यान स्पेनमध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिया हा डोमिनिकन प्राध्यापक थॉमसचा ग्रंथ शिकवीत होता. १५३९ साली त्याने नव्या मुलखातील लोकांविषयी जे व्याख्यान दिले त्यात स्पेनच्या बाजूने पुढे केली जाणारी कारणे एकेक करून तपासली. ख्रिस्तावर श्रद्धा नाही म्हणून कोणाची मालकी नष्ट होत नाही. पाप केल्याने राजाचे राज्यपद जात नाही. बादशहा जगाचा धनी नाही, आणि ऐहिक बाबतीत पोपही जगाचा धनी नाही. सबब स्पॅनिश लोक येण्यापूर्वी हे लोक आपल्या जमीनजुमल्याचे व आपल्या राज्यांचे खरेखुरे स्वामी होते. बादशहाच्याच मुलखात, बादशहाच्याच प्रजाजनाने, इतक्या थंड तर्काने हे सांगावे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहा पाचव्या चार्ल्सने त्याच्या मठाधिपतीस पत्र लिहून अशी चर्चा बंद करण्याची ताकीद दिली. वितोरियाने पुढे स्पॅनिश लोकांना अनुकूल अशीही काही कारणे मांडली, जसे मुक्त संचार, व्यापार व निरपराध्यांचे रक्षण, आणि त्यांचा आधार घेऊन पुढील काळात पुष्कळ साम्राज्यवाद्यांनी आपले काम साधले. त्याचा मोठेपणा मान्य करूनही हे नमूद केले पाहिजे. १५३७ साली तिसऱ्या पॉल पोपने या लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता कामा नये, ते ख्रिस्ती नसले तरीही, असे जाहीर केलेच होते. १५४२ साली चार्ल्सने नवे कायदे काढून ही माणसांची जहागीर वंशपरंपरा चालू न ठेवण्याचे ठरवले. पेरूमधील धन्यांनी बंड केले, व्हाइसरॉयला ठार मारले, आणि वारशाविषयीचे ते कलम मागे घ्यावे लागले.

१५५० साली वायादोलिद येथे बादशहाने धर्मशास्त्री व कायदेपंडितांची सभा भरविली. तिच्यापुढे हुआन खिनेस दे सेपुल्वेदा या विद्वानाने ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन असे प्रतिपादन केले की काही लोक निसर्गतःच दास असतात, आणि त्यांच्यावर शहाण्यांनी सत्ता गाजवणे हे निसर्गाला धरूनच आहे. लास कासासने आपले लॅटिन निवेदन पाच दिवस वाचून त्याचे खंडन केले. येथे वाचकाच्या मनात जी शंका येईल ती टाळता येणार नाही. दोन्ही पक्ष निसर्गाचाच दाखला देत होते. मग हा दाखला ज्याला जसा हवा तसा वळवता येतो, असेच सिद्ध होत नाही काय? माझे उत्तर असे की, सेपुल्वेदाने काही माणसांच्या तथाकथित उणिवा मोजून त्यांचे स्थान ठरवले, आणि लास कासासने विवेक ही सर्व माणसांची सारखी ठेव मानून तेथून आरंभ केला. थॉमसच्या पहिल्या वचनात एका जातीला एक आणि दुसरीला दुसरे, असा भेदच नाही. त्या सभेचा निवाडा जाहीर झाल्याचे आढळत नाही. सेपुल्वेदाच्या ग्रंथास मात्र त्याच्या हयातीत छापण्याची परवानगी मिळाली नाही.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने याच काळातील दुसरा किनारा अधिक जवळचा आहे. गोवा १५१० साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटी लेखनिविष्ट करून त्यांना सनदेचे रूप दिले. जमीन गावाने समाईक धरावी, तिचा कारभार गावकऱ्यांनी बसून ठरवावा, ही रीत परक्या सत्तेनेही वैध मानली. हे वितोरियाच्या सिद्धांताशी सुसंगत होते. परंतु त्याच्या व्याख्यानाला एक वर्ष होते न होते तोच, १५४० साली, तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले व मधला थोडा खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा खाडीपलीकडे अंत्रुज महालात गेली ती याच शतकात. श्रद्धा नसल्याने मालकी नष्ट होत नाही, हे सालामांकात शिकवले जात होते आणि मांडवीच्या काठी त्याच चर्चच्या नावाने नेमके उलट घडत होते. कॅथलिक शिकवणीची जी थोरवी मी येथे सांगत आहे ती या नोंदीखेरीज सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ज्या मापाने चर्चने राजांना मोजले त्या मापातून चर्चलाही सूट नाही. २००० सालच्या १२ मार्च रोजी दुसऱ्या जॉन पॉल पोपने रोममध्ये सत्याच्या सेवेच्या नावाखाली बळ वापरल्याबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली, तेव्हा या मापाला उशिरा का होईना मान मिळाला.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे रूप पालटले. खाणीतला वेठबिगार जाऊन गिरणीतला मजूर आला, आणि त्याच्याशी धन्याने केलेला व्यवहार कराराच्या कागदावर स्वेच्छेचा ठरू लागला. १८९१ च्या मे महिन्याच्या १५ तारखेस तेराव्या लिओ पोपने कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्र काढले त्यातील एका युक्तिवादापाशी मी नेहमी थांबतो. मालक व मजूर यांनी मजुरी आपखुशीने ठरवली असली तरी कोणत्याही सौद्याहून अधिक प्राचीन असा नैसर्गिक न्याय त्यापाठीमागे उभा असतो, आणि काटकसरी व सचोटीच्या कामगाराचे पोषण होईल एवढी मजुरी मिळावी अशी त्या न्यायाची मागणी आहे. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने त्याने कमी मजुरी पत्करली असेल तर ती जबरदस्तीच होय. थॉमसच्या ओढींपैकी पहिली, जीव राखण्याची ओढ, येथे पगाराच्या हिशेबात उतरली आहे. खासगी मालमत्तेचा हक्क लिओने समाजवाद्यांविरुद्ध ठामपणे राखला, आणि मालमत्तेचा उपयोग मात्र सर्वांसाठी आहे हे थॉमसचे मत त्याच परिपत्रात पुन्हा सांगितले. त्याच १८९१ साली महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. जोतीरावांची प्रेरणा टॉमस पेनची, धर्मगुरूंच्या मध्यस्थीला विरोध करणारी; रोमशी तिचा संबंध नाही. तरीही निर्मीकाने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क दिले आहेत, आणि ते कोणा भटभिक्षुकाच्या किंवा राजाच्या देणगीने आलेले नाहीत, हे त्यांचे म्हणणे त्या वर्षीच्या दोन्ही लेखनांना एका प्रश्नापाशी आणून ठेवते.

चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, अकराव्या पायस पोपने आणखी एक तत्त्व जोडले: लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या समूहाने किंवा सरकारने हिरावून घेऊ नये. मुसोलिनीचा अंमल रोमच्या दाराशी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्यातील धार कळते.

१९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व रशिया युद्धाच्या कड्यावर उभे राहिले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ११ एप्रिल १९६३ रोजी, कर्करोगाने खचलेल्या तेविसाव्या जॉन पोपने आपले अखेरचे परिपत्र काढले आणि ते केवळ कॅथलिकांना उद्देशून न लिहिता सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले. श्रद्धा न मानणाऱ्याशीही ज्यावर बोलता येईल अशी भूमी नैसर्गिक नियमाखेरीज त्याला दुसरी नव्हती. जगण्याचा, अन्नवस्त्राचा, शिक्षणाचा, आपल्या विवेकानुसार ईश्वराची उपासना करण्याचा हक्क त्याने मोजला, आणि प्रत्येक हक्काबरोबर त्याचे कर्तव्य बांधून दिले. सत्य, न्याय, प्रेम व स्वातंत्र्य या चार आधारांवाचून शांती टिकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा हक्क मनुष्याच्या प्रतिष्ठेत रुजलेला आहे असे घोषित केले. वितोरियाने मालमत्तेविषयी जे म्हटले होते ते आता श्रद्धेविषयी म्हटले गेले.

या शिकवणीवर आजही वाद आहेत. १९६८ साली सहाव्या पॉल पोपने याच नैसर्गिक नियमाच्या आधारे कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले, तेव्हा त्याच्याच सल्लागार मंडळातील बहुमत वेगळे होते आणि असंख्य कॅथलिक दांपत्यांनी हा निर्णय मनाने स्वीकारला नाही. शरीराच्या एका क्रियेवरून नियम काढणे आणि सबंध माणसाच्या विवेकशील स्वभावावरून काढणे, या दोहोंत अंतर आहे असे मला वाटते. आणि या परंपरेची शक्ती दुसऱ्या मार्गात आहे.

या सहाव्या पॉलनेच १९६४ च्या डिसेंबरात मुंबईस भेट दिली होती. ओव्हल मैदानावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी तो आला होता, आणि मुंबईचे महागुरुस्वामी, पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस त्याचे यजमान होते. येथे पत्रकारांशी बोलताना त्याने जगातील राष्ट्रांना एक आवाहन केले: शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा एक भाग प्रत्येकाने बाजूला काढावा आणि त्यातून भुकेल्या व वंचित जनतेसाठी एक जागतिक निधी उभारावा. मार्च १९६७ मध्ये राष्ट्रांच्या विकासाविषयी काढलेल्या परिपत्रात त्याने मुंबईतील या आवाहनाचा उल्लेख करून ते पुन्हा मांडले. मालमत्तेचा उपयोग सर्वांसाठी, हे जे मत थॉमसने धनिकाच्या कोठारासंबंधी लिहिले होते, ते पॉलने श्रीमंत राष्ट्रांच्या तिजोऱ्यांना लावले. तो निधी कोणत्याही सरकारने उभारला नाही.